मूळ कागद पाहायचा कोणी?

री-केवायसीवरून, म्हणजे बँकेने खातेदाराची ओळख ठरावीक काळाने पुन्हा पडताळण्यावरून, सध्या जी वादावादी चालते, तिच्यात दोन सूर ठरलेले आहेत. पहिला सूर असा: ज्याच्या खात्यात जेमतेम चार हजार रुपये आहेत त्याच्याकडे पुन्हापुन्हा आधार-पॅनच्या झेरॉक्स मागायच्या, आणि हजारो कोटी बुडवणारे मात्र परदेशी पळून जातात, तेव्हा हा सगळा खटाटोप बंद करा. दुसरा सूर असा: लपवण्यासारखं काही नसेल तर कागद द्यायला कोणाचं काय बिघडतं? देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, थोडा त्रास सोसला पाहिजे. बँकेच्या रांगेत, वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चेत, घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच दोन सूर आळीपाळीने लागतात. कागद किती मागावेत आणि किती वेळा मागावेत, यावर दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात. मागितलेला कागद नीट बघणार कोण, हे मात्र कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. ओळखीच्या कागदांचं साक्षांकन हवंच, ते मोडीत काढण्याची मागणी चुकीची आहे. पण मूळ कागद हातात घेऊन, समोरच्या माणसाकडे पाहून, ‘मी हे पडताळलं’ अशी स्वतःच्या नावाने सही करणं हे बँकेचं काम आहे. आज ते काम, त्याचा खर्च आणि ते न झाल्याची शिक्षा असं तिन्ही ग्राहकाच्या गळ्यात पडलं आहे. त्यातून प्रामाणिक माणूस हेलपाटे घालतो आणि काळा पैसा फिरवणाऱ्याला काडीचाही अडथळा होत नाही.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ साली संमत झाला आणि १ जुलै २००५ पासून अमलात आला. नोंदी ठेवण्याचे नियमही त्याच वर्षी आले. ग्राहकाची ओळख पटवण्याचं कर्तव्य या कायद्याने बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड अशा संस्थांवर टाकलं आहे. ग्राहकाने माहिती द्यायची, पटवून घ्यायचं संस्थेने. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या केवायसी निर्देशांनी तर साक्षांकित प्रत कशी घ्यायची हेही सांगून ठेवलं: ग्राहकाने आणलेली प्रत मूळ कागदाशी ताडून पाहायची आणि तसं पाहिल्याची नोंद बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याने त्या प्रतीवर करायची. यात ग्राहकाने नोटरीकडे जावं, राजपत्रित अधिकारी शोधावा, विशेष कार्यकारी अधिकाऱ्याच्या घरी रविवारी सकाळी जाऊन बसावं, असं देशात राहणाऱ्या खातेदाराला कुठेही सांगितलेलं नाही. पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड, लोकसंख्या नोंदणीचं पत्र, यांपैकी एक मूळ कागद आणि पॅन किंवा पॅन नसेल तर फॉर्म ६०, एवढ्यावर काम भागायला हवं.

प्रत्यक्षात काय होतं? तालुक्याच्या गावातल्या एका शाखेत मी हे पाहिलं आहे. शाखेच्या शेजारीच झेरॉक्सचं दुकान. तिथे मोबाइलमधल्या फोटोवरून आधार कार्डाची प्रत निघते, तीही टोनर संपत आलेल्या यंत्रातून. चेहऱ्याच्या जागी काळा डाग उरतो. काउंटरवरचा कर्मचारी मान वर न करता बोट ठेवत जातो, ‘इथे सही, इथे सही, मागे पण एक’. कागद ट्रेमध्ये पडतो. संध्याकाळी शाखा रिकामी झाली की त्या गठ्ठ्यावर ‘मूळ प्रत पाहिली’ असा शिक्का एकामागून एक बसतो आणि खाली आखूड सही. मूळ कार्ड त्या बाईच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेलंच नसतं, आणि शिक्का बसतो त्या वेळी ती एसटीने घरी पोचलेली असते. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. तीन माणसांचं काम तो एकटा करत होता. पण त्या शिक्क्याने सांगितलेली गोष्ट घडलेलीच नव्हती. मनी लाँडरिंग रोखण्याची पहिली चौकी म्हणतात ती अशी आहे.

ग्राहकाने स्वतःच प्रतीवर सही करायची पद्धत आली ती चांगल्या हेतूने. दाखल्यांच्या सत्यप्रतींसाठी लोक राजपत्रित अधिकाऱ्यांच्या दारात ताटकळत. ओळख नसलेल्या खेड्यातल्या मुलाला तर सही मिळणंच अवघड. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने स्वसाक्षांकनाची शिफारस केली, केंद्राने २०१४ मध्ये तो मार्ग धरला, महाराष्ट्र शासनानेही ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकन मान्य केलं. हा निर्णय योग्यच होता. पण त्यात एक गृहीत होतं: अर्जासोबत स्वतः सही केलेली प्रत चालेल, कारण शेवटच्या टप्प्यावर मूळ कागद कोणीतरी पाहणारच आहे. बँकांनी पहिला भाग घेतला आणि दुसरा सोडून दिला. स्वतःच्या झेरॉक्सवर स्वतःची सही म्हणजे ‘हे माझं आहे’ एवढं निवेदन झालं. भामटाही अगदी तेच लिहून देतो.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेऊ. खरोखरच एकेकाळी आपल्याकडे खोट्या नावाची खाती सर्रास निघत. जुन्या पद्धतीत नव्या खातेदाराची ‘ओळख’ आधीच्या खातेदाराने द्यायची. फॉर्मवर त्याची सही आणि खाते क्रमांक घेतला की झालं. गावात, पेठेत ती पद्धत चालून गेली. शहरात ती इतकी गुळगुळीत झाली की शाखेच्या दारात भेटलेला अनोळखी माणूसही दुसऱ्याची ओळख द्यायला तयार होई, आणि ज्याची शहरात कोणाशी ओळख नाही अशा परगावच्या मजुराला मात्र खातंच मिळत नसे. कागदावर आधारलेली ओळख आल्यामुळे त्या मजुराचा फायदा झाला, हे केवायसीविरोधकांनी मान्य केलं पाहिजे. आज सायबर गुन्हेगारीत लोकांची आयुष्यभराची पुंजी काही मिनिटांत पाच-सहा खात्यांतून फिरून नाहीशी होते. निवृत्त माणसाला ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून त्याची ठेव मोडायला लावणारे हे लोक आहेत. अशा काळात खातं कोणाचं आहे हे बँकेला ठाऊकच नको, असं कोण म्हणेल?

पण याच उदाहरणाच्या खोलात जाऊ. तो पैसा ज्या खात्यांतून फिरतो ती ‘म्यूल’ खाती बहुतेक वेळा खोट्या नावाची नसतात. कॉलेजातला मुलगा, कर्जात बुडालेला दुकानदार, रोजगार गेलेला ड्रायव्हर थोड्या पैशांसाठी आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या ताब्यात देतो. आधार खरं, पॅन खरं, फोटोतला चेहराही खरा. त्याच्याकडून दर सहा महिन्यांनी झेरॉक्स मागितली तरी तो देईल. त्याला पकडायचं तर एवढं दिसायला हवं की ज्याच्या खात्यात महिन्याला पाच हजार यायचे त्याच्याकडे काल एका दुपारी सात लाख आले आणि संध्याकाळपर्यंत गेलेसुद्धा. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली केली ती म्हणूनच, व्यवहारांच्या चालीवरून अशी खाती हुडकायला. संशयास्पद व्यवहाराची खबर केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला देण्याचं बंधन कायद्यात आहेच. जे मनुष्यबळ तिकडे लागायला हवं ते आज झेरॉक्सच्या गठ्ठ्यांवर शिक्के मारण्यात जातं, ही माझी खरी तक्रार आहे.

मोठ्या लुटीकडे पाहिलं तर हे आणखी ठसतं. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात कागदांची चणचण नव्हती. बँक ऑफ कराडने दिलेल्या बँक रिसीट, म्हणजे रोखे आपल्याकडे असल्याच्या पावत्या, रीतसर बँकेच्याच होत्या, फक्त त्यांच्या मागे रोखे नव्हते. मुद्रांक घोटाळ्यात सरकारी छाप असलेला कागदच बनावट निघाला, आणि ज्या कार्यालयांनी तो तपासायचा त्यांच्या टेबलांवरून तो वर्षानुवर्षं बिनबोभाट सरकत राहिला. भांडुपमध्ये मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा एकाच बांधकाम समूहाची बुडीत कर्जं झाकायला २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवल्याचं तक्रारीत नोंदलं गेलं. ज्या बँकेच्या काउंटरवर साध्या खातेदाराला विजेच्या बिलावरचा पत्ता जुळत नाही म्हणून परत पाठवलं जात असेल, तिच्याच हिशेबात हजारो खातेदार अस्तित्वातच नव्हते! डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरो गेले, तेही मुख्यतः परदेशी ग्राहकांच्या खात्यांतून, नोंदणी झालेल्या कंपन्यांच्या नावावर. फाइली नव्हत्या असं नाही. या कंपनीच्या मागे माणूस कोण, हे विचारायची कोणाची इच्छा नव्हती.

बँकवाले यावर म्हणतात, आम्ही काय करू? केवायसीत कसूर झाली की दंड आम्हालाच होतो. खरं आहे. जुलै २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने केवायसीचे नियम मोडल्याबद्दल एकाच दिवशी २२ बँकांना मिळून ४९.५ कोटी रुपयांचा दंड केला होता, आणि त्यानंतरही असे दंड होत आले आहेत. तपासणीला आलेला अधिकारी फाइल उघडतो आणि कागद आहे का, शिक्का आहे का, तारीख चुकली का, एवढं बघतो. साहजिकच शाखेला शिकवण मिळते ती फाइल भरण्याची. माणूस ओळखल्याचा पुरावा कोणी मागत नाही, कागद असल्याचा मागतात. म्हणून वरिष्ठ कार्यालय नियमात नसलेलेही दोन कागद जादा मागवून ठेवतं. शाखेची भीती मला समजते. पण त्या भीतीची किंमत ज्याने द्यायची तो या संपूर्ण साखळीत सगळ्यात दुबळा माणूस आहे, आणि त्याने कोणताही नियम मोडलेला नाही.

या प्रश्नाला आपल्याच मातीतला एक जुना दाखला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, आणि लोण आजूबाजूच्या गावांत आणि नगर जिल्ह्यात पसरलं. लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. ते कागद मिळाले की त्यांची होळी व्हायची. का? लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेतला जाई, पण कागदावर काय लिहिलं आहे हे त्याला कळत नव्हतं, आणि कोर्टात गेल्यावर तोच कागद शेवटचा शब्द ठरत होता. चौकशी आयोग बसला, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याच्या कर्जविषयक मर्यादा किती चालल्या यावर अभ्यासकांत मतभेद आहेत; सावकारांनी गहाणखताऐवजी नावापुरती खरेदीखतं लिहून घेऊन पळवाटाही काढल्या. मला महत्त्वाची वाटते ती त्यातली एक तरतूद. शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हायचा, आणि माणसाची ओळख पटवून, दस्तात काय आहे हे त्याला कळलं आहे याची खात्री करून मग तो पुरा करायचा. शिवाय सावकाराने पावती द्यायची, हिशेब द्यायचा, पासबुक द्यायचं. कागदावरचा विश्वास उडाला तेव्हा परक्या सरकारनेही शेतकऱ्याला ‘आणखी दोन कागद आण’ असं सांगितलं नाही. पाहणारा माणूस त्याच्या गावाजवळ नेला आणि कागद बाळगणाऱ्या बलवान बाजूवर जबाबदारी टाकली. दीडशे वर्षांनंतर आपण याच्या उलट करतो आहोत.

सगळ्यात जास्त सोसतात त्या बायका. आपल्याकडे लग्नानंतर वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, बऱ्याच घरांत तर पहिलं नावही बदलतं. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा, मतदार यादीत सासरचं नाव, पासबुकावर ‘सौ.’ नावाचाच भाग होऊन बसलेला, आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. निर्देशांत यावर तोडगा आहे: राज्य शासनाचं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी जोडली की जुन्या नावाचा कागदही ग्राह्य धरायचा. पण पस्तीस वर्षांपूर्वी मांडवात लग्न झालेल्या बाईकडे नोंदणीचं प्रमाणपत्र कुठून येणार? मग वकिलाकडे प्रतिज्ञापत्र, नोटरीचा शिक्का, स्टॅम्प पेपर, दोन दिवसांची मजुरी. खात्यात लाडक्या बहिणीचे दीड हजार महिन्याला येत राहतात, दिसतातही, पण काढता येत नाहीत. या बाईकडून मनी लाँडरिंगचा धोका किती आहे, याचा कोणी सद्सद्विवेकाने विचार केला आहे का? पन्नास हजारांहून कमी शिल्लक आणि वर्षाला लाखाच्या आत जमा असणाऱ्यांसाठी ‘लहान खात्या’ची सोय नियमांतच आहे, जिथे सुरुवातीला स्वतः सही केलेला फोटो आणि अधिकाऱ्यासमोरची सही किंवा अंगठा एवढ्यावर खातं निघतं. म्हणजे धोका कमी तिथे कागद कमी, हे तत्त्व मान्य आहे. ते काउंटरपर्यंत पोचत नाही.

तंत्रज्ञानावर विश्वास असणारे म्हणतील, हे सगळं जुनं झालं. आधारवर बोट ठेवा, ओटीपी टाका, व्हिडिओवर चेहरा दाखवा, काम संपलं. ज्यांना जमतं त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे आणि ती वाढावी. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओवरून ओळख पटवण्याला परवानगी दिली, त्याने अनेकांचे हेलपाटे वाचले. पण ऊसतोड करून, विटा वाहून, धुणीभांडी करून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचं काय? यंत्र त्यांना ‘जुळत नाही’ एवढंच सांगतं, आणि यंत्राशी हुज्जत घालता येत नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिलांना आणि दृष्टिहीनांना केवायसीसाठी पापणी मिटून दाखवा म्हणणाऱ्या प्रणालीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि पापणी मिटण्याखेरीज दुसरे मार्ग ठेवायला सांगितलं. आधार बँक खात्याला जोडण्याची सक्ती तर २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानेच रद्द ठरली आहे. यंत्र नाही म्हणालं की हो म्हणू शकेल असा, अधिकार असलेला माणूस समोर हवा. तोच माणूस आपण काढून टाकत आलो आहोत.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांचा अनुभव वेगळा असला तरी मूळ दुखणं तेच. अनिवासी भारतीयाच्या कागदांवर साक्षांकन कोणी करावं याची यादी निर्देशांत चांगली लांब आहे: भारतीय बँकेच्या परदेशी शाखेतला अधिकारी, संबंध असलेल्या परदेशी बँकेची शाखा, तिथला नोटरी, न्यायदंडाधिकारी, न्यायाधीश, भारतीय वकिलात. तरीही इकडची शाखा ‘फक्त वकिलातीचाच शिक्का आणा’ असा हट्ट धरते आणि तिकडचा माणूस रजा टाकून पाच तास गाडी हाकत जातो. याउलट ब्रिटनमध्ये बँक अधिकारी, वकील, सनदी लेखापाल यांच्याबरोबर शिक्षक, नगरसेवक, दंतवैद्य, धर्मगुरूही सत्यप्रत करून देऊ शकतात. त्यांनी लिहायचं असतं की ही मी स्वतः पाहिलेल्या मूळ कागदाची खरी प्रत आहे. खाली सही, तारीख, ठळक अक्षरात नाव, व्यवसाय, पत्ता आणि फोन. शंका आली तर त्या माणसाला फोन करता येतो. आपल्या गोल शिक्क्याखालच्या वेटोळ्या सहीवरून कोणाला फोन करायचा? आपल्या खेड्यात शाळेचे मुख्याध्यापक आहेत, ग्रामसेवक आहेत, पोलीस पाटील आहेत, तलाठी आहेत. बहुतेक गावकऱ्यांना ते चेहऱ्याने ओळखतात. त्यांच्या नावानिशी, फोन नंबरनिशी दिलेल्या साक्षीला झिजलेल्या झेरॉक्सपेक्षा जास्त किंमत असायला काय हरकत आहे? यात हितसंबंध येतील, कोणी पैसेही मागेल. विशेष कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नेमणुका राजकीय सोयीने झालेल्या आपण पाहिल्या आहेत. म्हणूनच नाव आणि जबाबदारी हवी. खोटी साक्ष दिली तर उद्या कोणाला बोलवायचं, हे फाइलवर लिहिलेलं असेल.

‘एफएटीएफ काय म्हणेल?’ ही धास्तीही पुढे केली जाते. मनी लाँडरिंग रोखण्याची मानकं ठरवणारी, १९८९ मध्ये स्थापन झालेली ही आंतरराष्ट्रीय संघटना कमी पडणाऱ्या देशांना देखरेखीच्या करड्या यादीत घालते आणि त्याचे परिणाम खरे असतात. पाकिस्तानने २०१८ ते २०२२ ते भोगले. भारत २०१० पासून सदस्य आहे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात आपण चांगल्या गटात आलो, त्याचा अभिमान वाटावा. पण त्याच संघटनेने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या मानकांत बदल करून सांगितलं की उपाय धोक्याच्या प्रमाणात असावेत आणि कमी धोक्याच्या ठिकाणी सोपी पद्धत वापरायला देशांनी उत्तेजन द्यावं. तेव्हा जनधन खातेदाराचे हाल आंतरराष्ट्रीय दबावामुळे होतात असं म्हणायला आधार उरत नाही.

रिझर्व्ह बँकेलाही हे दिसलेलं आहे. माहितीत काही बदल नसेल तर तसं नुसतं स्वयंघोषणापत्र पुरे, तेही ईमेल, मोबाइल, एटीएम किंवा नेट बँकिंगवरून, शाखेत यायची गरज नाही, असं तिने ५ जानेवारी २०२३ रोजी स्पष्ट केलं. केवायसीअभावी गोठलेल्या खात्यांची, त्यातही सरकारी अनुदान येणाऱ्या खात्यांची दखल घ्या, असं २ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात बँकांना बजावलं. २८ ऑगस्ट २०१४ पासून उघडलेल्या जनधन खात्यांची दहा वर्षं भरत गेल्यावर जुलै ते सप्टेंबर २०२५ मध्ये बँकांनी ग्रामपंचायतींत शिबिरं भरवली. जून २०२५ च्या दुरुस्तीने तर रिझर्व्ह बँकेने बँक मित्राला, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीला, ही माहिती स्वीकारण्याची मुभा दिली, मुदतीआधी तीन आणि नंतर तीन सूचना द्याव्यात, त्यातली किमान एक-एक पत्राने असावी असं ठरवलं, आणि कमी जोखमीच्या खातेदारांना व्यवहार चालू ठेवून ३० जून २०२६ पर्यंत किंवा मुदत भरल्यापासून वर्षभर, यांतलं जे नंतरचं असेल तोवर अवधी दिला. एकदा दिलेले कागद पुन्हा मागावे लागू नयेत म्हणून चौदा अंकी क्रमांकाची केंद्रीय केवायसी नोंदवही २०१६ पासून आहे. ही सगळी पावलं बरोबर दिशेची आहेत. तरी शाखेत गेलं की ‘ते काही नाही, आधी झेरॉक्स आणा’ हेच ऐकू येतं, कारण नियम न पाळल्याबद्दल ग्राहकाचं खातं थांबतं, पण ग्राहकाला दिलेली सवलत न पाळल्याबद्दल बँकेचं काही थांबत नाही.

ज्याच्यावर मनी लाँडरिंगचा प्रत्यक्ष संशय आहे, त्याची मालमत्ता तात्पुरती जप्त करायची तर अंमलबजावणी संचालनालयाच्या अधिकाऱ्याला संशयाची कारणं लेखी नोंदवावी लागतात. ती जप्ती जास्तीत जास्त १८० दिवस टिकते, तीस दिवसांत न्यायनिर्णय प्राधिकरणापुढे तक्रार दाखल करावी लागते आणि तिथे त्या माणसाचं म्हणणं ऐकलं जातं. या संरक्षणांचा अंमल पुरेसा होत नाही असं अनेकांचं मत आहे, पण निदान ती कायद्यात लिहिलेली आहेत. जिच्यावर कसलाही संशय नाही, त्या जनधन खातेदार बाईचे स्वतःचे पैसे अडवायला मात्र इंग्रजीतला एक एसएमएस पुरतो. तिलाही किमान एवढं मिळायला हवं: खातं थांबवणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, नेमका कोणता कागद कमी आहे हे मराठीत लिहिलेलं पत्र, दिलेल्या कागदांची तारखेसह पोच, मूळ कागद पाहिल्याची नोंद तिच्यासमोर, आणि पोच दिल्यानंतर ठरावीक दिवसांत खातं सुरू झालं नाही तर प्रत्येक दिवसाची भरपाई बँकेच्या खिशातून.